रेबीजचं शिबिर झालं, फोटोही निघाले. मग कुत्री राहिली कुठे? या चुका टाळा

आमच्या अमळनेरकडच्या गावात पहिलं शिबिर घेतलं तेव्हा मारुतीच्या पारावर टेबल मांडलं, बॅनर बांधला, भोंग्यावरून दवंडी दिली. दुपारपर्यंत आली ती सगळी साखळीवरची, गळ्यात पट्टा असलेली, मुळातच गरीब कुत्री. रिकाम्या बाटल्या मोजून आम्ही खूष. दुसऱ्या दिवशी मळ्यात गेलो, तर विहिरीजवळच्या झापातून तीन कुत्री अंगावर आली. तिथवर भोंगा पोचलाच नव्हता.

टोचलेली मोजली, राहिलेली मोजलीच नाहीत

जागतिक आरोग्य संघटना 70 टक्के कुत्र्यांना लस द्या म्हणते. ते 70 टक्के गावातल्या एकूण कुत्र्यांचे: घरची, गल्लीतली, मळ्यात राखणीला ठेवलेली, सगळी धरून. एकूण किती हेच ठाऊक नसेल तर टक्का काढणार कशाचा?

म्हणून शिबिराआधी दोन दिवस, पहाटे, दोघांनी वही घेऊन गल्लीगल्ली फिरा. पहाटेच, कारण आपल्याकडे ऊन चढलं की कुत्रं एकतर गटारीत नाहीतर ट्रॅक्टरखाली. टोचलेल्या प्रत्येकाच्या डोक्यावर, मेंढरांना लावतात तसा रंग लावा. शिबिर झालं की दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तीच फेरी. समजा 100 दिसली आणि रंगाची 55 निघाली, तर बॅनर काढू नका, काम बाकी आहे. ही फेरी लांबवली की रंग उडतो आणि हिशोबही.

मळ्यातली कुत्री पारावर येणार नाहीत, आपणच जायचं. मोटारसायकलवर डॉक्टर मागे, लसीचा डबा त्यांच्या मांडीवर. कुत्र्याला धरायला त्याचा रोजचा भाकरी टाकणारा माणूसच हवा. भटकी पकडायला जाळी आणि सवयीची माणसं लागतात, आणि त्या माणसांनी स्वतः आधीच लस घेतलेली हवी. पावसाळा सरल्यावर ठेलारी मेंढपाळांचे वाडे शिवारात उतरतात, त्यांची कुत्री कुणाच्याच यादीत नसतात. वाड्यावर जाऊन दोन शब्द बोलले तर ती माणसं स्वतः कुत्री धरून देतात.

गावात एक उत्तर मात्र हमखास ऐकू येतं: “मन्हा कुत्रा कोन्हले चावत नही, त्याले सुई कसाले?” वाद घालू नका. एवढंच सांगा, आबा, तुमचा चावत नाही, पण त्याला चावणारा रात्री येऊन जातो.

28 सप्टेंबरला टोचलं आणि वही मिटली

28 सप्टेंबर हा लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन, म्हणून जागतिक रेबीज दिन. बरीच शिबिरं त्याच आठवड्यात उरकतात. पण भादवा म्हणजे कुत्र्यांचा माजाचा हंगाम. टोळ्या जमतात, भांडतात, चावे होतात, आणि साधारण दोन महिन्यांनी पिल्लं. म्हणजे आपली वही मिटल्यावर जन्मलेली पिल्लं पुढच्या सप्टेंबरपर्यंत कोरडीच, आणि तीच शाळेतल्या पोरांच्या मांडीवर. हिवाळा संपता संपता एक छोटी फेरी फक्त पिल्लांसाठी ठेवा. पोरांना सांगितलं की दप्तरात घालून आणतात. फार लहान असतील तर टोचा, पण तीन महिन्यांची झाली की पुन्हा टोचायची. मोठ्यांनाही दर वर्षी लागतेच.

हिवाळ्याचा दुसरा फायदा लसीचा. तिला 2 ते 8 अंश लागतात. जळगाव-भुसावळचा मे महिना सगळ्यांना माहीत आहे, डबा उघडा राहिला की पाणी टोचल्यासारखंच. बर्फाला चिकटून गोठवूही नका.

पोत्यात घालून शेजारच्या शिवारात सोडणं

सगळ्यात आवडता आणि सगळ्यात निरुपयोगी उपाय. लस दिलेली कुत्री गेली की उकिरडा तसाच राहतो, आणि त्या जागी बिनलसीची नवी येतात. केलेला सगळा खर्च आपणच हाताने वेशीबाहेर टाकायचा. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणेही नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रं उचललं तिथेच सोडायचं असतं. विष घालणं तर गुन्हाच. त्यापेक्षा मटणाच्या दुकानामागचा कचरा रोज उचलायला ग्रामपंचायतीला भाग पाडा.

“घशात हाड अडकलंय”

पिसाळलेलं कुत्रं नेहमी धावतच येतं असं नाही. काही मुकी होतात: खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही, कोपऱ्यात पडून राहतात. बघणाऱ्याला वाटतं हाड अडकलं. आमच्याकडे एका आजोबांनी मायेने तोंडात हात घातला होता. नशीब, त्याच दिवशी दवाखान्यात गेले. जबडा लोंबलेला दिसला की हात नाही, पशुवैद्यकाला फोन.

चावल्यावर मिरची, चुना, तंबाखू

काहीही भरू नका. हापशीवर जा, साबण लावा, वाहत्या पाण्याखाली जखम 15 मिनिटं धुवा. एकाने हापसत राहायचं. मग थेट सरकारी दवाखाना. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं, देतात, ते आहे का हे तिथे स्वतःहून विचारा. कुत्र्याला लस दिलेली होती, घरचंच होतं, म्हणून थांबू नका. कुत्र्यावर 10 दिवस नजर ठेवायची ती सुई सुरू करून. मारून टाकलंत तर नजर ठेवणार कशावर? लक्षणं दिसू लागल्यावर हा आजार जवळपास कुणालाच सोडत नाही.

पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून म्हाताऱ्यांच्या मनात आहे. ती लस केव्हाच बंद झाली. आता दंडाच्या कातडीतच बारीक सुया: पहिल्या सुईचा दिवस शून्य धरायचा, मग 3, 7 आणि 28 व्या दिवशी. गडबड होते ती शेवटच्या सुईला. जखम भरलेली असते, कापूस वेचायला आलेला असतो, माणूस विसरतो. आमच्या आशाताई म्हणून चारही तारखा त्या घराच्या दारावर खडूने लिहून जातात, आणि चौथी सुई झाल्याशिवाय पुसू देत नाहीत.