टर्बो इंजिनात रिंगांचा गॅप: बांधणीला नव्याने बसणाऱ्यांसाठी

आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा ट्रेड करून गॅरेजात आलेल्या मुलांच्या हाती पहिले काही महिने इंजिन खोलायचंच काम येतं. बांधायची पाळी येते तेव्हा खरी परीक्षा पिस्टनच्या रिंगांपाशी होते. साध्या पेट्रोल इंजिनात पाकिटातली रिंग आहे तशी चढवली तरी गाडी बहुतेक वेळा चालून जाते. त्यामुळे गॅप, म्हणजे रिंगेच्या दोन टोकांमधली फट, मोजायची सवयच लागत नाही. तोच हात टर्बोला लावला, की पिस्टनची कड फुटून इंजिन पुन्हा टेबलावर येतं.

आधी हा गॅप ठेवतात कशासाठी ते समजून घ्या, कारण पुढचे सगळे आकडे त्यातूनच निघतात. सिलिंडरच्या भिंतीमागे पाणी खेळतं, रिंगेमागे नाही. रिंग पिस्टनची उष्णता घेऊन भिंतीला देते, म्हणून ती भिंतीपेक्षा नेहमीच जास्त तापलेली असते. ७५ मिमी बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या) रिंगेचा घेर साधारण २३५ मिमी. ओतीव लोखंड एका अंशाला, मीटरमागे ११ ते १२ मायक्रॉन वाढतं. रिंग भिंतीपेक्षा १०० अंशांनी गरम असेल तर ती पाव मिलिमीटरहून थोडी जास्त लांब होते. १५० अंशांनी असेल तर ०.४० मिमीपर्यंत. एवढी जागा टोकांमध्ये नसेल तर टोकं एकमेकांना भिडतात. मग वाढ जाणार कुठे? रिंग बाहेरच्या बाजूला भिंतीवर दाबली जाते, बोअरवर उभ्या रेघा ओढते, आणि शेवटी अडकते. पिस्टन मात्र थांबत नाही, तो अडकलेल्या रिंगेवरून ओढला जातो आणि वरची कड तुटते. ओतीव ॲल्युमिनियमचा पिस्टन असेल तर ती बांगडीच्या तुकड्यासारखी सुटून येते.

टर्बोत प्रत्येक स्ट्रोकला जास्त हवा, जास्त पेट्रोल आणि म्हणून जास्त उष्णता. बूस्ट, म्हणजे टर्बो हवा भरतो तो दाब, वाढवाल तसा गॅपही वाढवावा लागतो. मूळ बूस्टवर चालणाऱ्या गाडीला कंपनीच्या मॅन्युअलमधला आकडाच धरा. सुटे पिस्टन घातले असतील तर त्यांच्यासोबत आलेल्या कागदावरचा आकडा पहिला. दोन्ही नसतील तेव्हाच गुणक वापरायचा. बोअर मिलिमीटरमध्ये घ्या आणि बिनटर्बोला ०.००४ ने, मूळ बूस्टच्या टर्बोला ०.००५ ने, वाढवलेल्या बूस्टला ०.००५५ ते ०.००६ ने गुणा. उत्तर मिलिमीटरमध्येच येतं. मुंबईच्या रस्त्यांवर हमखास दिसणाऱ्या तीन सिलिंडरच्या टर्बोंपैकी मारुतीच्या १.० बूस्टरजेटचा बोअर ७३ मिमी, ह्युंदाईच्या १.० टर्बोचा ७१ मिमी आणि फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.० टीएसआयचा ७४.५ मिमी आहे. टीएसआयला ०.००५ ने गुणलं तर ०.३७ मिमी येतात, ०.००६ ने ०.४५ मिमी. बोअर मारून (सिलिंडर कापून मोठा करून) ओव्हरसाइझ पिस्टन घातला असेल तर गुणाकार नव्या मापाने करायचा, हे विसरू नका.

हे आकडे पिस्टनवरच्या तीन रिंगांपैकी वरच्या रिंगेचे. दुसरी रिंग थोडी थंड असते, म्हणून तिचा गॅप कमी ठेवायचा, असं बरेच जुने उस्ताद अजून शिकवतात. टर्बोत आमचा याला स्पष्ट विरोध आहे. वरच्या रिंगेतून थोडा वायू खाली उतरतोच. दुसऱ्या रिंगेने त्याला वाट दिली नाही तर दोन रिंगांच्या मधे दाब साचतो, वरची रिंग आपल्या खाचेतून उचलली जाते, थरथरते आणि सील सोडते. म्हणून दुसरीचा गॅप वरचीपेक्षा ०.०५ मिमी तरी जास्त ठेवा. वरची ०.४० तर दुसरी ०.४५. दुसऱ्या रिंगेचं मुख्य काम भिंतीवरचं ऑइल खरवडून खाली ढकलण्याचं आहे. ते या मोठ्या गॅपने बिघडत नाही. ऑइल रिंगेच्या दोन पातळ पट्ट्या कधी कानशीने घासू नका. त्यांचा गॅप ०.३८ मिमीपेक्षा कमी नाही एवढंच तपासा. कमी भरला तर चुकीच्या मापाचा सेट आलाय, तो परत करा.

आता मोजणी. फिलर गेज (ठराविक जाडीच्या पट्ट्यांचा जुडगा), डायल बोअर गेज आणि खोली मोजायची पट्टी ही हत्यारं नागदेवी स्ट्रीटला मिळतात. फिलर गेज घेताना पट्ट्या वाकलेल्या नाहीत हे बघून घ्या आणि स्वतःचं वेगळं ठेवा. सगळ्या गॅरेजच्या हातातून फिरलेल्या गेजच्या पट्ट्या झिजलेल्या असतात. होनिंग करून (बोअर दगडाने बारीक घासून) आलेला ब्लॉक धुऊन, पुसून, खोलीच्या तापमानाला आल्यावरच मोजा. उन्हात ठेवलेला ब्लॉक आणि एसी केबिनमधून आणलेली रिंग यांचं माप जुळणार नाही.

रिंग बोअरमध्ये बोटांनी घाला आणि उलट्या पिस्टनने वरून २५ मिमी खाली सरकवा. चारही बाजूंनी खोली सारखी हवी. रिंग तिरकी बसली तर गॅप चुकीचा दिसतो. मग पट्ट्या लावा. ०.४० ची पट्टी हलकी ओढ लागत आत जाते आणि ०.४५ ची जात नाही, तर गॅप या दोन्हींच्या मधे आहे. पट्टी जोर करून घुसवली की रिंग उघडते आणि माप खोटं येतं. बोअर न मारता नुसत्या रिंगा बदलत असाल तर बोअर वर जास्त झिजलेला असतो. अशा वेळी रिंग जिथपर्यंत खाली जाते तिथे, कमी झिजलेल्या भागात मोजा, कारण गॅप तिथेच सर्वांत कमी असतो.

एक हिशेब कायम डोक्यात असू द्या: बोअरच्या व्यासात ०.०१ मिमीचा फरक पडला की गॅपमध्ये तो तिपटीहून थोडा जास्त होऊन, ०.०३ मिमी दिसतो. म्हणून तीन सिलिंडर म्हणजे तीन वेगळ्या मोजण्या. एका बोअरमध्ये मोजलेली रिंग दुसऱ्या बोअरची नाही. मोजल्याबरोबर कागदाच्या पाकिटात घालून वर ‘१ वरची’, ‘१ दुसरी’ असं लिहून ठेवा. हेडचे बोल्ट आवळल्यावर बोअर किंचित आकार बदलतो, त्यामुळे लेथवाला टॉर्क प्लेट (हेडच्या जागी आवळायची जाड पाटी) लावून होनिंग करतो का हे आधीच विचारा. करत असेल तर गॅपही प्लेट लावूनच मोजलेला बरा.

घासताना बहुतेक चुका होतात. हाताने फिरवायचं रिंग फाइलर मिळालं तर तेच वापरा. नाहीतर बारीक कानस वाइसमध्ये पक्की धरा आणि रिंग हलवा. रिंगेचं एकच टोक घासायचं, दुसरं मूळ कारखान्याच्या कापासारखं राहू द्यायचं, म्हणजे टोक सरळ आहे की तिरपं हे ताडून बघता येतं. घासण्याची दिशा नेहमी बाहेरच्या, भिंतीला लागणाऱ्या बाजूकडून आत. उलट घासलं तर बाहेरच्या बाजूचा मॉलिब्डेनम, क्रोम किंवा दुसरा लेप कडेला टवका होऊन उडतो आणि तो टवका बोअर खातो. दोन-तीन घासे, पुसणे, बोअरमध्ये घालून मोजणे, पुन्हा दोन-तीन घासे. घाई केलीत आणि ०.४० ऐवजी ०.६० झाला तर ती रिंग गेली; घासलेलं परत भरत नाही. शेवटी दोन्ही टोकं जवळ आणून उजेडाकडे धरा. मधली फट वरून खालपर्यंत सारखी दिसली पाहिजे. टोकाच्या कडांवर घासताना उठलेली बारीक धार दगडाने अलगद काढा. भिंतीला लागणाऱ्या कडेला फक्त स्पर्श, गोलाई नाही.

किती जास्त चालतं? ठरवलेल्या मापापेक्षा ०.०५ मिमी जास्त झाला तर चालेल. थोडा वायू जास्त खाली उतरेल, थंड इंजिनाची लीकडाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजायची चाचणी) किंचित वाईट दिसेल, गरम झाल्यावर फरक आणखी कमी होईल. ०.०५ मिमी कमी राहिला तर पिस्टन आणि बोअर दोन्ही जाऊ शकतात. शंका असेल तेव्हा मोठ्या बाजूला राहा.

बोअर धुताना नुसतं पेट्रोल किंवा डिझेल पुरत नाही. होनिंगचा भुगा खाचांमध्ये बसतो, तो गरम पाणी, साबण आणि ब्रशनेच निघतो. मग पांढरं फडकं ऑइलमध्ये बुडवून बोअर पुसत राहा, फडकं काळं येणं थांबेपर्यंत. मुंबईच्या दमट हवेत, त्यातून पावसाळ्यात, धुतलेल्या उघड्या बोअरला बघता बघता तांबडा गंज चढतो. हवा मारून वाळवा आणि लगेच ऑइल लावा.

चढवताना ऑइल रिंगेची मधली स्प्रिंग आधी. तिची टोकं भिडलेली हवीत, एकावर एक नकोत. वरच्या दोन रिंगा प्लायरनेच उघडा. गोल गोल फिरवून चढवल्या तर कायमच्या पिळल्या जातात. रिंगेवरची खूण किंवा अक्षर वर. दुसऱ्या रिंगेची खरवडणारी आकडी खालच्या बाजूला येते. उलटी बसली तर ती ऑइल वर ओढते आणि गाडी पहिल्या दिवसापासून निळा धूर मारते. वरच्या आणि दुसऱ्या रिंगेचे गॅप समोरासमोर, १८० अंशांवर ठेवा. पिस्टन लाकडी दांड्याने हलके ठोकत उतरवा. मध्येच अडला तर ठोकू नका, बाहेर काढा. बहुतेक वेळा रिंग तिला दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरमधून निसटलेली असते.

सुरू करण्यापूर्वी स्पार्क बंद ठेवून ऑइलचा दाब येईपर्यंत सेल्फ मारा, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगपर्यंत ऑइल पोचतं. पहिलं ऑइल मिनरल घाला. रिंगा भिंतीवर बसतात त्या लोडखाली, सिग्नलवर उभ्या गाडीत नाही. म्हणून नवं इंजिन घेऊन थेट दादर-अंधेरीच्या ट्रॅफिकमध्ये शिरू नका. रविवारी पहाटे सायन-पनवेल महामार्गाने निघून जुन्या पुणे रस्त्याने खोपोलीपर्यंत जाऊन यावं. घाट चढायचा नाही. तिसऱ्या गिअरमध्ये अर्ध्या ॲक्सिलरेटरने २,००० वरून ४,००० आरपीएमपर्यंत न्यायचं, मग पाय काढून गाडीला इंजिनावर हळू होऊ द्यायचं. असं वीस-पंचवीस वेळा. घरी आल्यावर ऑइल आणि फिल्टर बदला.

आणि पिस्टनची कड फुटून इंजिन परत आलंच, तर गॅपला दोष देण्याआधी रिंगेची टोकं भिंगाखाली बघा. दोन्ही टोकं घासून आरशासारखी चकाकत असतील तर ती भिडली होती, गॅप कमी होता. टोकांवर कानशीच्या रेघा तशाच दिसत असतील आणि पिस्टनच्या माथ्यावर बारीक खड्डे असतील, तर ते नॉकिंगचं, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकण्याचं, काम आहे. तेव्हा पुढच्या बांधणीत गॅप वाढवून काही साधत नाही. इंजेक्टर, स्पार्कचा टायमिंग, बूस्टचा आकडा आणि टाकीतल्या पेट्रोलचा ऑक्टेन आधी तपासायचा.