स्लाव्हिक भाषांत ‘विज्ञान’साठी नेमका शब्द कसा निवडावा

आधी भाषा कुठली ते पक्कं करा. सगळीकडे चालेल असा एकच शब्द नाही. रशियन, युक्रेनियन, पोलिश, बल्गेरियन, मॅसिडोनियन आणि सर्बियनमध्ये ‘नाऊका’. बेलारूसीत मध्ये ‘व’ शिरतो, ‘नावूका’. मराठी जीभ ‘नौका’कडे घसरते, तेवढं सांभाळा: ना-ऊ-का, तीन सुटे उच्चार. पहिल्या चार भाषांत जोर ‘ऊ’वर, मॅसिडोनियन-सर्बियनमध्ये ‘ना’वर.

चेकमध्ये ‘व्येदा’ आणि स्लोवाकमध्ये ‘वेदा’. आपल्या ‘विद्’ धातूचे हे भाऊबंद. क्रोएशियन आणि स्लोव्हेनियनमध्ये ‘झ्नानोस्त’ (‘झ’ झऱ्यातला); त्याचं मूळ आणि ‘विज्ञान’मधल्या ‘ज्ञा’चं मूळ एकच. ‘नाऊका’ मात्र शिकण्या-शिकवण्याच्या धातूतून आला आणि बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतात.

पोलिशमध्ये ‘नाऊका येंझिका’ म्हणजे भाषाविज्ञान नव्हे, भाषा शिकणं. गाडीवर ‘नाऊका याझ्दी’ असेल तर ती ड्रायव्हिंग स्कूलची. चेकमध्येही हा शब्द आहे. पण अर्थ शिकवण, सिद्धान्त किंवा शाळेतला विषय: ‘हुदेब्नी नाऊका’ म्हणजे संगीताची मूलतत्त्वं. विज्ञान म्हणायचं असेल तर ‘व्येदा’च. क्रोएशियात ‘व्येरोनाउक’ हा धर्मशिक्षणाचा तास.

दुसरी अडचण व्याप्तीची. या शब्दांत इतिहास, कायदा, भाषाही येतात; म्हणजे आपल्या ‘शास्त्रा’ला ते जास्त जवळचे. फक्त भौतिक-रसायन-जीव म्हणायचं असेल तर निसर्गवाचक विशेषण लावून अनेकवचन वापरा: रशियनमध्ये ‘येस्तेस्त्वेन्निये नाऊकी’, क्रोएशियनमध्ये ‘प्रिरोद्ने झ्नानोस्ती’. विशेषण गाळलं तर वाचक इतिहासकारांनाही त्यात धरेल.

‘शास्त्रज्ञ’ हा शब्द अंदाजाने बनवू नका. पोलिश ‘नाऊकोव्येत्स’ आणि सर्बियन ‘नाउच्निक’ सरळ ‘नाऊका’वरून येतात, पण रशियनमध्ये रूढ शब्द ‘उच्योनी’, शब्दशः ‘शिकलेला’. चेकमध्ये ‘व्येदेत्स’, क्रोएशियनमध्ये ‘झ्नान्स्त्वेनिक’.

शंका आली तर त्या देशाच्या विज्ञान अकादमीचं अधिकृत नाव बघा. झाग्रेबच्या (क्रोएशिया) अकादमीच्या नावात ‘झ्नानोस्त’चं रूप आहे, बेलग्रेडच्या (सर्बिया) अकादमीच्या नावात ‘नाऊका’चं. क्रोएशियन मजकुरात ‘नाऊका’ टाकलात तर कळेल सगळ्यांना, पण मजकूर सर्बियन वाटेल आणि संपादक तो शब्द बदलेल. बोस्नियनमध्ये दोन्ही आढळतात. तिथे ज्या संस्थेसाठी लिहिताय तिच्या नावातला शब्द घ्या आणि मजकूरभर तोच ठेवा.