कॅल्शियमच्या दोन गोळ्या एकदम नकोत

आमची आई फोंड्याला सकाळच्या चहाबरोबर कॅल्शियमच्या दोन्ही गोळ्या एकदम गिळायची. तसं करू नका. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपर्यंतचं कॅल्शियम शरीर चांगलं शोषतं, त्यापुढे प्रमाण घटत जातं. म्हणून एक दुपारी, एक रात्री. कॅल्शियम कार्बोनेट असेल तर जेवणाबरोबरच; ते विरघळायला पोटातलं आम्ल लागतं.

तांबडी भाजी (लाल माठ) जरूर खा, पण कॅल्शियमच्या हिशेबात धरू नका. तिच्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. त्यापेक्षा कुरकुरीत तळलेली मंदेली काट्यांसकट चावून खा. शाकाहारी असाल तर नाचणीचं तिझन (गोड पेज) आहेच! १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. नाचणी रात्रभर भिजवा, म्हणजे शोषणाला आड येणारं फायटेट कमी होतं.