गोल्डन लिलीनं काढलेली लाज

टेक्स्टाइल डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला जुन्या कंपनीचा इतिहास प्रोजेक्टला घेणार असाल, तर आधी माझी फजिती ऐका. मी मॉरिस अँड कंपनी घेतली होती, म्हणजे विल्यम मॉरिस यांची इंग्लंडमधली कापड-वॉलपेपरची कंपनी. कोल्हापुरात ज्युरीपुढं उभा राहिलो आणि पाच मिनिटांत घाम फुटला.

'गोल्डन लिली' वॉलपेपरखाली मी ऐटीत लिहिलं होतं, 'विल्यम मॉरिस, १८९९'. परीक्षकांनी शांतपणे विचारलं, "मॉरिस वारले कधी?" १८९६! म्हणजे मॉरिसबाबा वारल्यावर तीन वर्षांनी लिली काढत बसले होते.

ते डिझाइन जॉन हेन्री डर्ल यांचं. १८७८ मध्ये कंपनीच्या दुकानात मदतनीस म्हणून लागलेला हा पोरगा पुढं तिचा मुख्य डिझायनर झाला. पण कंपनीच्या नावातच मॉरिस, त्यामुळं नेटवर सगळी फुलं-पानं त्यांच्याच खात्यावर. कंपनीचं नाव आणि डिझायनरचं नाव एक समजू नका. साल लिहितानाही तेच. 'ट्रेलिस' हे वॉलपेपरचं डिझाइन काढलं १८६२ मध्ये, बाजारात आलं १८६४ मध्ये, आणि त्यातले पक्षी तर मॉरिस यांचे वास्तुविशारद मित्र फिलिप वेब यांचे. म्हणून कुणी काढलं, कधी काढलं, कधी छापलं, कुणी छापलं असे चार वेगळे रकाने करा. चौथा सोडू नका. वॉलपेपर जेफ्री अँड कंपनीकडून छापून घेतले जायचे. मी एकच रकाना केला होता, 'माहिती'.

पिंटरेस्टवरून प्रोजेक्ट उचलणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं. (मीही उचलला होता.) सीनियरची फाईलही नको, त्यांच्या चुका फुकटात येतात.

घाबरू नका, इतिहास फार मोठा नाही. १८६१ ला भागीदारीत सुरुवात, १८७५ ला मॉरिस एकटे मालक, १८८१ ला लंडनजवळ मर्टन ॲबीचा कारखाना, १९४० ला कंपनी बंद आणि वॉलपेपर छापायचे ठोकळे सँडरसन या दुसऱ्या वॉलपेपर कंपनीकडं.

रंगाचं मात्र मला इचलकरंजीच्या एका जॉबर (माग दुरुस्त करणाऱ्या) मामांमुळं कळलं. मॉरिस यांच्या 'स्ट्रॉबेरी थीफ' या छापील कापडाचा फोटो बघून ते म्हणाले, "निळा वरनं छापलाय व्हय?" मी हो म्हणालो. घरी येऊन वाचलं तर उलटं! आधी अख्खं कापड निळीत बुडवायचं, मग नक्षीपुरता निळा उडवायचा, आणि मोकळ्या जागेत लाल-पिवळा भरायचा. सरांनी हे वर्षभरात एकदाही विचारलं नव्हतं.

फेरज्युरीला पास झालो. त्या शीटवर मॉरिसवर कागद चिकटवून डर्ल लिहिलंय, पण उजेडात धरलं की खालचं नाव अजून दिसतं.