गुडघे दुखत असतील तर कुकर लावला की खुर्चीवर बसा

पन्नाशीत वजन वाढतं, गुडघे दुखतात म्हणून चालणं सुटतं आणि मग वजन अजून वाढतं, माझं अगदी हेच झालं होतं. व्यायामाला वेगळा वेळ काढायला गेले की राहूनच जायचा, म्हणून तो कुकरला बांधून टाकला.

१. प्लास्टिकची नको, घट्ट लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. कुकर गॅसवर चढला की ताठ बसायचं, एक पाय समोर सरळ करून मांडी आवळायची, ५ आकडे मोजून हळूच खाली. दोन्ही पायांनी १०-१० वेळा. मग पाण्याने भरलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या दोन्ही हातात घेऊन डोक्यावर १० वेळा. शिट्ट्या होऊन वाफ जिरेपर्यंत परत एक फेरी सहज होते, आणि कुकर तर दोन वेळा लागतोच.

२. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर एवढंच मोजून वेगळ्या बरणीत काढा आणि फोडणी त्यातूनच. छोटा चमचा तेल म्हणजे साधारण ४० कॅलरी, आपण हात सैल सोडून ओततो तेव्हा कळत नाही. मला तर सगळ्यात जास्त फरक ह्यानेच पडला.

३. ताटात आधी काकडीची कोशिंबीर आणि मुगाची उसळ संपवायची, मग भाकरी, भात शेवटी एक वाटी.

शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचाराच, शुगर एकदम खाली येऊ शकते.