ऑगस्टमधलं लॉन: आधी गवत ओळखा, मग खताची पिशवी उचला

अमेरिकेत घर घेऊन पहिलाच उन्हाळा असेल, तर ऑगस्टच्या मध्यावर दोन गोष्टी हमखास होतात. समोरचं लॉन पिवळं पडतं आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टेक्सासमधल्या डॅलसचं कुणीतरी सांगतं, "आत्ताच खत टाक, गवत नुसतं पळत सुटेल." डॅलसपुरतं ते बरोबर असतं. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये तेच केलंत, तर उन्हाने दमलेल्या गवताची पुरती वाट लागते. दोन्हीकडचं गवत मुळात वेगळ्या हंगामाचं आहे.

म्हणून आधी एक पातं उपटून हातात घ्या. टोक होडीच्या नाळेसारखं वळलेलं असेल तर ते केंटकी ब्लूग्रास. ते जमिनीखालून पसरतं. पातं रुंद, वरच्या बाजूला उठून दिसणाऱ्या शिरा, कड बोटाला खरखरीत आणि वाढ झुबक्यांनी असेल तर टॉल फेस्क्यू. ते पसरत नाही, त्यामुळे त्यातलं टक्कल आपोआप भरत नाही, बी टाकावंच लागतं. पात्याची पाठ तेल लावल्यासारखी चकचकीत असेल तर रायग्रास. न्यू जर्सी, बॉस्टन, शिकागोकडे बहुतेक अंगणांत या तिघांची मिसळ असते. ही थंडीची गवतं.

टेक्सासकडे उन्हाळी गवतं. बर्म्युडा म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो त्या दूर्वा. (लॉनवर औषध मारलं असेल तर त्या जुडीसाठी दुसरी जागा शोधा.) पातं पाव इंचाहून रुंद, टोक बोथट आणि जमिनीवर जाड धावती खोडं दिसली, तर सेंट ऑगस्टीन.

आता न्यू जर्सीचं बघू. पिवळं पडलेलं गवत बहुतेक वेळा मेलेलं नसतं, झोपलेलं असतं. मूठभर धरून ओढा. सहज उपटून आलं नाही आणि बुंधा पांढरा, घट्ट असेल तर ते जिवंत आहे. मग दोनपैकी एकच ठरवा: हिरवं ठेवायचं असेल तर आठवड्याला एक इंच पाणी, झोपू द्यायचं असेल तर दोन-तीन आठवड्यांतून अर्धा इंच. चार दिवस पाणी, मग दहा दिवस सुट्टी, हे सगळ्यात वाईट. इंच मोजायला ट्यूनाचे रिकामे डबे लॉनवर ठेवा आणि त्यांत इंचभर पाणी साठायला किती मिनिटं लागतात ते बघा. रोज संध्याकाळी दहा मिनिटं शिंपडल्याने मुळं वरच राहतात आणि रात्रभर ओल्या पात्यांवर बुरशी येते. वेळ पहाटे चार ते आठची.

मूठभर गवत गालिच्यासारखं गुंडाळून हातात आलं, तर खाली हुमणी आहे. उसाच्या गावचे असाल तर इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली ती पांढरी अळी लगेच ओळखाल. इथली बहुधा जपानी किंवा ओरिएंटल भुंगेऱ्याची असते. एक फूट बाय एक फूट तुकडा तीन बाजूंनी कापून उलटा आणि मोजा. चार-पाच असतील तर सोडून द्या. आठ-दहाच्या वर असतील तर तयार अळी मारणारं औषध लेबल वाचून टाका आणि लगेच अर्धा इंच पाणी द्या. जून-जुलैत वापरायचं प्रतिबंधक औषध सप्टेंबरात आणणं म्हणजे वरातीमागून घोडं, मोठ्या अळीवर ते फारसं चालत नाही. रात्रीत लॉन उकरलेलं दिसलं, तर स्कंक किंवा रकून हे प्राणी हुमणी खायला आलेले असतात.

बी पेरायची खरी वेळ ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य. जमीन उबदार, रात्री थंड आणि तणाचा जोर ओसरलेला. वसंतात पेरलेलं बी उन्हाळ्यात करपतं, हा धडा बहुतेक जण एकदा पैसे मोजून शिकतात. गवत दोन इंचांवर कापा, आदल्या दिवशी पाणी द्या. एरेटर, म्हणजे मातीत भोकं पाडणारं यंत्र, भाड्याने आणा, आडवा-उभा दोनदा फिरवा. त्याआधी स्प्रिंकलरच्या प्रत्येक हेडजवळ छोटा झेंडा रोवा, नाहीतर भाड्यापेक्षा दुरुस्तीच महाग पडेल. निघालेले मातीचे दंडगोल तिथेच राहू द्या, पावसाने विरघळतात. टॉल फेस्क्यूचं बी १००० चौरस फुटांना जुन्या गवतात ३ ते ४ पौंड, उघड्या मातीवर ६ ते ८. ब्लूग्रासचं बी बारीक, उघड्या मातीवरही २ ते ३ पुरे. निम्मं बी उभं, निम्मं आडवं टाका आणि दाताळ्याने हलकेच ओढा. पाव इंचाहून खोल गेलं तर उगवत नाही.

मग दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं पाणी. रायग्रास आठवड्यात दिसतं, फेस्क्यू दोन आठवड्यांत, ब्लूग्रासला तीन-चार आठवडेही लागतात. म्हणूनच दहाव्या दिवशी हिरवं बघून पाणी बंद करणाऱ्याचं ब्लूग्रास उगवतच नाही. बियाण्याच्या स्वस्त पिशवीत बरंचसं वार्षिक रायग्रास असतं. ते महिनाभर छान दिसतं आणि पुढच्या वर्षी गायब होतं. क्रॅबग्रास हे तण रोखणारं औषध गेल्या तीन-चार महिन्यांत टाकलं असेल तर तेच तुमचं बीही उगवू देणार नाही. नवं गवत साडेतीन-चार इंच झालं की पहिली कापणी, धारदार ब्लेडने, आणि एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त नाही.

खताला न्यू जर्सीत २०११चा कायदा आहे. घरमालकाला एका वेळी १००० चौरस फुटांवर जास्तीत जास्त ०.९ पौंड नायट्रोजन टाकता येतो. पिशवीवर २४-०-६ असेल तर पहिला आकडा नायट्रोजनचा टक्का, म्हणून ०.९ भागिले ०.२४, म्हणजे पावणेचार पौंड खत. फॉस्फरस फक्त नवं बी टाकताना किंवा माती परीक्षणात कमी निघाला तरच. १५ नोव्हेंबर ते १ मार्च खत बंद. मातीचा नमुना रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पाठवता येतो. सामू (पीएच) ६च्या खाली असेल तर खतापेक्षा चुना आधी.

डॅलसकडे हिशेब उलटा. हरळी ऑगस्टमध्ये जोरात असते, ती एक-दीड इंचांवर कापा. शेवटचा नायट्रोजन सप्टेंबरच्या मध्यापर्यंत उरका, म्हणजे नोव्हेंबरच्या हिमाआधी कोवळी वाढ थांबते. एका रात्रीत कडेकडून गवत साफ होत गेलं तर लष्करी अळी, २०१८ साली आपल्याकडे मक्यावर आली तीच. एक गॅलन पाण्यात दोन टेबलस्पून भांड्यांचा साबण घालून चौरस यार्डभर ओता, अळ्या वर येतात.

सेंट ऑगस्टीन तीन इंचांच्या आसपास ठेवा. ड्राइव्हवेलगत, भर उन्हातला पट्टा पाणी देऊनही पिवळाच राहिला, तर चिंच बग हा रस शोषणारा बारीक किडा आहे का ते बघा. दोन्ही बाजूंनी कापलेला डबा पिवळ्या-हिरव्याच्या सीमेवर मातीत रोवून पाण्याने भरा. पाच-दहा मिनिटांत किडे तरंगतात. तणनाशक मिसळलेलं खत घेताना पिशवीवर सेंट ऑगस्टीनचं नाव चालणाऱ्या गवतांत आहे ना, ते वाचा. त्यातलं २,४-डी हे तणनाशक या गवताला उन्हात भाजून काढतं. डॅलस शहरात एप्रिल ते ऑक्टोबर सकाळी १० ते संध्याकाळी ६ स्प्रिंकलर बंद, आणि आठवड्यात दोनच वार. पत्त्याच्या शेवटच्या आकड्यावरून तुमचे वार ठरतात.

नॉर्थ कॅरोलायनात, रॅले-कॅरीकडे, तुमचं फेस्क्यू आणि शेजाऱ्याची हरळी, असं कुंपणाला कुंपण लागून असतं. तिथे शेजारी काय टाकतो ते बघून काहीही टाकू नका, आणि त्याची हरळी कुंपणाखालून तुमच्याकडे येतेय का तेवढं मात्र बघा.