प्लास्टर करून गावी आल्यावर काय करायचं

मागच्या पोळ्याच्या आधी धुऱ्यावरून घसरलो, पडताना हात टेकवला आणि उजवं मनगट गेलं. सहा आठवडे प्लास्टरमध्ये काढले, तेव्हा जे कळलं ते लिहितो, आपल्याकडं दर पावसाळ्यात कोणी ना कोणी असंच पडते म्हणून.

पडल्या पडल्या पहिलं काम म्हणजे अंगठी, कडं, बांगड्या काढून टाका. सूज चढली की मग निघत नाही, कापावीच लागते. दुसरं, कोणी म्हणलं की "थांब बावा, ओढून देतो, आत्ता बसते" तर हात देऊ नका त्याच्या हातात, चोळूही देऊ नका. वावरात तुराट्या असतात, पुठ्ठा असतो, जुना पेपर असतो, त्यातलं काहीही घ्या, पण लांबी अशी पाहिजे की मोडलेल्या जागेच्या वरचा अन् खालचा दोन्ही सांधे हलले नाही पाहिजे. मध्ये कापड भरा, दुपट्ट्यानं बांधा, गाठ नेमकी दुखते तिथंच नको. हात असेल तर गळ्यात झोळी, पाय असेल तर मध्ये गोधडीची घडी टाकून चांगल्या पायालाच बांधून टाका. जखम असेल किंवा हाड दिसून राहिलं असेल तर स्वच्छ कापड झाका आणि 108 ला फोन लावा, हळद-चुना काही भरू नका.

आता हाडवैद्याबद्दल. लिहिलं की लोकं चिडतात, "माह्या आज्याचं हाड त्यानंच बसवलं" म्हणतात. बसलं असेल ना. पण सुजलेल्या हातावर बांबूच्या कामट्या आवळून बांधल्या की आतला रक्तपुरवठा बंद पडतो, स्नायू मरतात आणि बोटं कायमची वाकडी होतात. फोल्कमान नावाच्या जर्मन सर्जननं 1881 मध्येच आवळलेल्या पट्ट्यांमुळं असा हात होतो हे लिहून ठेवलं होतं, अजूनही त्या दुखण्याला त्याचंच नाव आहे. लेकराच्या कोपराजवळचं हाड मोडलं असेल तर हा धोका जास्त, तिथं तर अजिबात वाट पाहू नका.

दवाखान्यात पहिल्या दिवशी बहुतेक स्लॅब घालतात, म्हणजे एका बाजूनं प्लास्टरची पट्टी आणि वरून बँडेज. आमच्या मायला वाटलं अर्धंच काम करून पाठवलं. पण ते मुद्दाम असते, सूज वाढायला जागा पाहिजे म्हणून, पूर्ण गोल प्लास्टर सूज उतरल्यावर घालतात. घालताना गरम लागते, घाबरायचं नाही, दहा-पंधरा मिनिटात कडक होते, पण पूरं वाळायला दोन दिवस लागतात. तोपर्यंत बोटांनी दाबू नका, आत खड्डा पडला की तिथंच कातडीवर दाब येऊन जखम होते. उशीवर मोकळं ठेवा, चुलीजवळ नेऊन शेकू नका.

सगळ्यात महत्त्वाचे पहिले दोन दिवस. मी काय केलं, एस्टीत पूर्ण रस्ता हात खाली लोंबकळत ठेवला, वर संध्याकाळी पऱ्हाटी पाहायला गेलो. रात्री बोटं गाजरासारखी फुगली, गोळी घेऊन बी ठणक थांबेना, चुलतभाऊ गाडीवर बसवून ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेला. त्यांनी आतल्या कापसापर्यंत बँडेज कापलं अन् पाच मिनिटात जीवात जीव आला. म्हणून हात छातीच्या वर पाहिजे, झोपताना दोन उशा, आणि दर दोन-तीन तासांनी बोटं पाहायची. नख दाबा, पांढरं होऊन दोन सेकंदात परत गुलाबी झालं पाहिजे. बोटं थंड, निळी किंवा बधिर होऊन राहिली, गोळीनंही न थांबणारी ठणक आहे, दुसऱ्यानं बोट सरळ केलं की बोंबलायला होते, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री निघा. आणि मोकळी राहिलेली बोटं पहिल्या दिवसापासून हलवत राहा, मूठ उघड-बंद, खांदाही वर-खाली.

खाज हा वेगळाच छळ. वैशाखात 45 डिग्रीत ज्याचं प्लास्टर आहे त्याला हात जोडून नमस्कार. पण सुई, पट्टी, झाडूची काडी आत घालायची नाही, कातडी फाटते अन् आत पू होतो, बाहेरून दिसत पण नाही. वरून टिचक्या मारा, कूलरसमोर बसा. आतून घाण वास आला किंवा डाग दिसला तर दाखवा. आंघोळीला पॉलिथीनची थैली वरून रबर लावून. फायबरचं प्लास्टर हलकं असते, पाण्यानं विरघळत नाही, पण आतला कापूस भिजतोच बरं का.

तंबाखूचा खर्रा बंद करा. माहीत आहे, हे वाचून अर्धे लोकं उठून जातील. पण निकोटिननं रक्तवाहिन्या आवळतात आणि हाड जुळायला उशीर लागते, विडीचं पण तेच. भात-दही खाल्लं की पू होते हे मात्र खोटं, दूध, अंडी, वरण, तीळ, सगळं खा.

मनगट सहा आठवडे, नडगीचं हाड तीन महिने किंवा जास्त, लेकरांचं लवकर जुळते. दुखणं थांबलं म्हणून घरीच विळ्यानं प्लास्टर कापणारे महाभाग आमच्याच गावात आहेत.

नुसता पाय मुरगळला असेल तर चार पावलं टाकून पाहा, टाकता येत नसेल तर एक्सरे काढा. क्रेप बँडेज बोटांकडून वर, आठच्या आकड्यासारखं, प्रत्येक फेरा अर्धा आधीच्या फेऱ्यावर, रात्री सैल करून झोपा. ब्रेस म्हणजे आधाराचा तयार पट्टा मेडिकलमधून अंदाजानं आणू नका, टेपनं घेर मोजून न्या, डावं-उजवं पाहा. गुडघ्याची कॅप दिवसभर घालून बसलं की मांडीचे स्नायू ढिले पडतात, कामापुरती घाला. बोटाचं टोक लोंबकळलं असेल आणि स्प्लिंट (टोक सरळ धरून ठेवणारी पट्टी) दिला असेल तर मात्र उलटं, सहा-आठ आठवडे दिवस-रात्र, एकदा जरी टोक वाकलं तरी मोजणी पहिल्यापासून.

प्लास्टर कापायची मशीन आवाज लय करते पण ब्लेड गोल फिरत नाही, नुसतं थरथरते, लेकरांना आधीच सांगून ठेवा. आतून हात बारीक, कोरडा, खपल्या निघालेला दिसतो, मनगट वळत नाही. मालीशवाल्याकडं न जाता कोमट पाण्यात हात ठेवून रोज वाकवायचा. मला मूठ पुरी वळायला तीन आठवडे लागले, तोवर वेचणी सुरू झाली होती, फिजिओवाल्या ताईंना भीत भीत विचारलं की बोंडं वेचू का, तर म्हणाल्या याच्यापेक्षा चांगला व्यायाम कोणता, फक्त गाठोडं उचलायचं काम दुसऱ्याला द्या.